लातूरच्या तालमीतला सर्वश्रेष्ठ मल्ल कोण?

किल्लारी : यात्रांचा हंगाम सुरू झाला, की औसा-निलंगा परिसरात गावोगावी कुस्त्यांचा फड रंगतो. लहान मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्यांपासून मोठ्या इनामाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत हलगी वाजत राहते. फड उठला, की चहाच्या हॉटेलात दुसरी कुस्ती जुंपते, ती शब्दांची. आपल्या मातीतला सर्वांत मोठा पैलवान कोण, हा तिचा विषय. जुनी मंडळी रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्यापुढे कोणाचेही नाव ऐकून घेत नाहीत. मधल्या पिढीला काका पवार आठवतात. मोबाईलवर कुस्त्या पाहणारी तरुण मुले राहुल आवारेचे नाव घेतात. वाद रात्री उशिरापर्यंत चालतो आणि बहुधा बरोबरीत सुटतो.

तो बरोबरीत सुटतो, याचे कारण प्रत्येकाच्या हातातील मोजपट्टी वेगळी असते. म्हणूनच आधी मोजपट्टी तपासून पाहणे आवश्यक ठरते.

तीन पिढ्या, एकच परंपरा

या तिघांची तुलना मुळात होते, कारण ते एकाच परंपरेतील आहेत. बिराजदार हे निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे. कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत ते घडले आणि पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी शिष्य घडविले. लातूर जिल्ह्यातील साई गावचे काका पवार हे त्यांचे शिष्य. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे प्रथम बिराजदार यांच्या आणि नंतर पवार यांच्या हाताखाली तयार झाला. म्हणजे राहुल जन्माने लातूरचा नसला, तरी तालमीच्या नात्याने याच घराण्यातील आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयांचे बास्केटबॉल संघ हे अशाच घराण्यांसारखे असतात. तेथेही माजी विद्यार्थी आपल्या संघातील सार्वकालिक श्रेष्ठ खेळाडू कोण, यावर वर्षानुवर्षे वाद घालतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील संघाने प्रशिक्षक जॉन वूडन यांच्या मार्गदर्शनाखाली १९६४ ते १९७५ या काळात दहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्यातील करीम अब्दुल-जब्बार श्रेष्ठ, की बिल वॉल्टन, हा तेथील जुना वाद आहे. करीम तेव्हा ल्यू अल्सिंडोर या नावाने खेळत होते. त्यांच्या नावावर तीन विजेतेपदे आहेत, वॉल्टन यांच्या नावावर दोन. मात्र १९७२ पर्यंत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. चेंडू वरून थेट बास्केटमध्ये टाकण्यावरही १९६७ मध्ये बंदी आली आणि ती १९७६ मध्ये उठली. त्यामुळे या दोघांच्या आकड्यांची नंतरच्या खेळाडूंशी सरळ तुलना करता येत नाही. नियम बदलले, की आकड्यांचे अर्थही बदलतात.

आपल्याकडे तर केवळ नियमच बदलले नाहीत, पायाखालची जमीनही बदलली.

माती आणि गादी

मातीवरील पारंपरिक कुस्तीत निकालाचा अर्थ सरळ असतो. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली, की तो चितपट. तेथे गुणांना स्थान नव्हते आणि वजनगटांचा काटेकोर हिशेबही नव्हता. जोड ठरविणे संयोजकांच्या हाती असे. साहजिकच मल्लाची थोरवी त्याने किती कुस्त्या जिंकल्या यापेक्षा कोणाला अस्मान दाखविले, यावर ठरत असे.

गादीवरील कुस्तीचे गणित निराळे आहे. तेथे वजनगट असतात, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि प्रत्येक पकडीचे गुण मोजले जातात. फ्रीस्टाईल प्रकारात दहा गुणांची आघाडी झाली, की पाठ न लागताही कुस्ती संपते. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली पकड करण्यास मनाई असते. पट काढणे आणि टांग मारणे हे ज्याच्या अंगवळणी पडलेले असते, त्या मातीतील मल्लाला या प्रकारात जणू पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते.

हा बदल किती अवघड असतो, हे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांच्या उदाहरणावरून कळते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते मातीतून एकदम गादीवर उतरले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले होते.

तिघांची बाजू

आता तिघांची कारकीर्द या दोन्ही मोजपट्ट्यांवर पाहू.

बिराजदार यांनी १९६९ मध्ये लातूरलाच झालेल्या स्पर्धेत 'महाराष्ट्र केसरी' किताब मिळविला. १९७० मध्ये एडिंबरा येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक पटकावले आणि १९७२ मध्ये ते रुस्तुम-ए-हिंद झाले. १९७७ मध्ये बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरविले. त्या कुस्तीची आठवण जुनी माणसे आजही काढतात. तिचे मोल समजण्यासाठी सतपाल पुढे कोण झाले, हे पाहावे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले आणि दोन ऑलिंपिक पदके मिळविणारा सुशीलकुमार त्यांच्याच आखाड्यात तयार झाला. बिराजदार यांची बाजू अशी, की ते माती आणि गादी या दोन्हींवर अव्वल ठरले.

काका पवार यांची बाजू आकड्यांत मावणारी नाही. ते लढले ते हलक्या वजनगटात आणि ग्रीको-रोमन प्रकारात. हा प्रकार महाराष्ट्राच्या फडात जवळजवळ अपरिचित. यात्रेतील शेवटची कुस्ती नेहमी भारी मल्लांची असते, त्यामुळे लहान चणीच्या मल्लाच्या वाट्याला तेथील जयजयकार फारसा येत नाही. तरीही पवार अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचले. मातीच्या गावातून येऊन गादीवरील सर्वांत परक्या प्रकारात नाव मिळविणे, हे यश किताबांच्या यादीत ठळक दिसत नाही, म्हणून ते लहान ठरत नाही.

राहुल आवारेची बाजू सर्वांत नीट नोंदलेली आहे. २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत त्याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असे हरविले आणि ते सुवर्णपदक दिवंगत गुरू बिराजदार यांना अर्पण केले. २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात त्याने कांस्यपदक जिंकले. यावर जुने जाणकार एक आक्षेप घेतात. ६१ किलो हा ऑलिंपिकमधील गट नव्हे, असे ते म्हणतात. आक्षेप खरा आहे. पण जागतिक स्पर्धेतील पदक हे जागतिक स्पर्धेतीलच असते आणि असे पदक बिराजदार किंवा पवार यांच्या नावावर नाही, हेही तितकेच खरे.

नोंदी कुठे आहेत?

वाद येथेच अडतो. राहुलच्या लढतींतील प्रत्येक गुण नोंदला गेला आहे. त्याच्या कुस्त्यांची चित्रफीत कोणीही केव्हाही पाहू शकतो. बिराजदार यांच्या बहुसंख्य कुस्त्या मात्र ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या, त्यांच्या डोळ्यांतच राहिल्या. अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वीच्या सामन्याचा गुणफलक सापडतो. आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच्या यात्रेत कोणती जोड लागली होती आणि कोणत्या डावावर निकाल झाला, हे सांगायला त्या वेळचा माणूसच लागतो.

किल्लारी परिसरात तर या स्मृतीवरही घाला पडला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने हजारो माणसे नेली आणि दगडमातीच्या घरांबरोबर घरातील ट्रंका, छायाचित्रे, जपून ठेवलेली कात्रणे यांचाही ढिगारा झाला. गावे नव्या जागी वसली, घरे उभी राहिली. पण फडाच्या कडेला बसून कुस्ती पाहिलेली आणि ती डावासकट सांगू शकणारी कितीतरी माणसे त्या रात्री गेली. श्रेष्ठ कोण, हे ठरविणाऱ्या पंचांपैकीच अनेक जण आज नाहीत. म्हणून येथे जुन्या मल्लाची बाजू मांडणारा माणूस थोडा मोठ्या आवाजात बोलतो, तेव्हा त्यामागे केवळ हट्ट नसतो.

मग श्रेष्ठ कोण?

केवळ आंतरराष्ट्रीय पदकांची पातळी पाहिली, तर राहुल आवारे पुढे आहे. केवळ अपरिचित वाट चालण्याचे धाडस पाहिले, तर काका पवार. परंतु घराण्यातील श्रेष्ठ कोण, असा प्रश्न असेल, तर आणखी एक कसोटी लावणे भाग आहे. ज्याला वगळले असता बाकीच्यांचा हिशेब लागत नाही, तो कोण?

७ जानेवारी २०२० रोजी पुण्यातील बालेवाडी येथे झालेली 'महाराष्ट्र केसरी'ची अंतिम लढत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. गादी विभागातून नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि माती विभागातून लातूरचा शैलेश शेळके अंतिम फेरीत आले. दोघेही काका पवार यांचे शिष्य. सदगीरने ३-२ अशी बाजी मारली आणि लगेच पराभूत शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. त्या आखाड्यात माती आणि गादी समोरासमोर होत्या. दोन्हींना घडविणारा वस्ताद एक होता आणि त्या वस्तादाचा वस्ताद होते बिराजदार. १४ सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले होते.

मल्ल म्हणून दोन्ही पृष्ठभागांवर यश आणि गुरू म्हणून पुढच्या दोन पिढ्या, ही जोड अन्य कोणाकडे नाही. या निकषावर प्रस्तुत प्रतिनिधीचे मत बिराजदार यांच्या बाजूने पडते. अर्थात हा निकाल चितपट नव्हे, गुणांवरचा आहे. या घराण्यातील कोणी ऑलिंपिक पदक आणले, तर तो निश्चितच पुन्हा तपासावा लागेल.

तोवर करण्यासारखे एक काम मात्र आहे. बेळगावची ती कुस्ती, लातूरचा १९६९ चा आखाडा प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडा शिक्षकांनी मुलांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवावे. जोड कोणती होती, पंच कोण होते, निकाल कोणत्या डावावर झाला, एवढे जरी उतरवून घेतले, तरी पुढच्या यात्रेतील वाद अधिक भक्कम पायावर होईल.