आजी, टीव्ही आणि एक दुपटं

तुमच्या घरी भारतातून आजी-आजोबा राहायला येतात का? आले की पहिला आठवडा मजेत जातो. बॅगा उघडतात, चिवडा-लाडू बाहेर निघतात, सगळे एकत्र जेवतात. मग सोमवार उजाडतो. आई-बाबा कामावर, मुलं शाळेत. सकाळी आठ ते दुपारी साडेतीन, आजी घरात एकटी. तिला इथे गाडी चालवता येत नाही. बाहेर थंडी. शेजाऱ्यांची दारं बंद. मग ती काय करणार? टीव्ही लावते.

आमच्याकडे असंच झालं. माझी आई, म्हणजे माझ्या मुलांची आजी, ऑक्टोबरमध्ये साताऱ्याहून न्यू जर्सीला आली. अमेरिकेत भेटीला आलेल्या पाहुण्यांना बहुतेक वेळा सहा महिने राहता येतं, तेवढी ती राहणार होती. हिवाळ्यात भारतातलं घड्याळ आमच्या साडेदहा तास पुढे असतं. म्हणून तिकडची रात्री आठची मालिका इथे सकाळी साडेनऊला दिसते. आई चहाचा कप घेऊन बरोबर साडेनऊला बसायची. एक मालिका संपली की दुसरी. मुलं घरी यायची तेव्हाही टीव्ही चालूच असायचा. "आलात का? टेबलावर खायला ठेवलंय," एवढंच बोलणं. मग मुलं आपापल्या खोलीत, हातात फोन. खरं सांगायचं तर मीही तेच करायचे.

एकदा मी चिडून म्हणाले, "आई, किती टीव्ही बघतेस गं!" ती शांतपणे म्हणाली, "अगं, दिवसभर माझ्याशी मराठीत बोलणारं तेवढंच आहे या घरात."

मला फार लाज वाटली. टीव्ही बंद करा असं सांगणं सोपं आहे. पण त्याच्या जागी काय?

आम्ही आधी चुकीच्या वस्तू आणल्या. हजार तुकड्यांचं कोडं आणलं, रंगवायची पुस्तकं आणली. आईने दोन दिवस केलं आणि विचारलं, "हे झाल्यावर याचं करायचं काय?" तिचा प्रश्न बरोबर होता. ते काम फक्त वेळ घालवायचं होतं, कोणाच्या उपयोगाचं नव्हतं. शिवाय त्यात तिला जास्त येत होतं असंही काही नव्हतं.

डिसेंबरमध्ये कळलं की माझ्या भाचीला एप्रिलमध्ये बाळ होणार. आई लगेच म्हणाली, "मग दुपटं करायला हवं." दुपटं म्हणजे बाळाची छोटी, मऊ गोधडी. आणि गोधडी म्हणजे जुन्या कापडांचे थर एकमेकांवर ठेवून हाताने शिवलेलं पांघरूण.

इथे 'जुन्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. नवं कापड कडक असतं, त्यातून सुई नीट जात नाही. वीस-तीस वेळा धुतलेली सुती साडी लोण्यासारखी मऊ होते. बाळाच्या अंगाला ती टोचत नाही. थरांमध्ये हवा अडकते, म्हणून ऊब मिळते. आईने नेसायला आणलेल्या साड्यांमधली एक खूप जुनी होती, निळी, बारीक काठाची. तिने तीच काढली.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते आणि रुंदी एक मीटरपेक्षा थोडी जास्त. तिच्या सारख्या पाच घड्या घातल्या की जवळजवळ चौकोनी दुपटं तयार होतं. कात्रीसुद्धा लागत नाही! आम्ही घड्या घातलेली साडी जमिनीवर पसरली आणि चार कोपऱ्यांवर जाड पुस्तकं ठेवली, म्हणजे कापड सरकत नाही. मग आईने आधी मोठे मोठे कच्चे टाके घातले. हे टाके थर धरून ठेवतात आणि शेवटी काढून टाकतात. त्यानंतर खरी शिलाई: धावदोरा. सुई खाली, सुई वर, खाली, वर. सरळ ओळीत, कडेपासून आतल्या बाजूला. दोन ओळींमध्ये एका बोटाचं अंतर. असं केलं तर एका दुपट्याला पन्नासच्या वर ओळी होतात. आईला एका ओळीला पंधरा मिनिटं लागायची. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला पाऊण तास.

गंमत अशी की शिवताना हात आणि डोळे कामात असतात, पण तोंड मोकळं असतं. समोरासमोर बसवून "आजीशी मराठीत बोल" म्हटलं की मुलं गप्प होतात. एकाच कापडाच्या दोन बाजूंना बसली की आपोआप बोलतात. "आजी, गाठ कशी मारू?" "आजी, हा डाग कसला?" तो डाग हळदीचा होता, माझ्या धाकट्या मावशीच्या लग्नातला. मग त्या लग्नाची गोष्ट निघाली. पाऊस, चिखलात अडकलेली एसटी, तीन तास उशिरा पोचलेला नवरदेव. मी पन्नास वर्षांची आहे, पण मलाही ती गोष्ट माहीत नव्हती.

एकदा मुलीने विचारलं, "तुझ्या लहानपणी कोणत्या मालिका होत्या?" आई हसायलाच लागली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, तेव्हा ती शाळेत होती, आणि तिच्या गावात टीव्ही यायला पुढे बरीच वर्षं लागली. "मग तुम्ही संध्याकाळी काय करायचात?" या प्रश्नाचं उत्तर चार दिवस चाललं.

माझा नऊ वर्षांचा मुलगा शिवायला बसला नाही. तो सुईत दोरा ओवून द्यायचा, कारण आजीला बारीक भोक दिसत नाही. कंटाळा आला की तिघं पत्ते खेळायची, बदाम सात. त्यात आजी सत्ते दाबून ठेवते, हे तुम्हाला म्हणून सांगते.

टीव्ही पूर्ण बंद झाला का? नाही. साडेनऊची मालिका आईने सोडली नाही. बाकीच्या कधी सुटल्या ते तिलाही कळलं नाही.

मार्चच्या शेवटी ती परत गेली, तेव्हा सात ओळी राहिल्या होत्या. त्या मुलीने एकटीने शिवल्या. शेवटची ओळ झाल्यावर तिने व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे रात्रीचे नऊ, साताऱ्यात सकाळचे साडेसहा.

"आजी, हे बघ, झालं!"

"जवळ धर. अजून जवळ." आईने चष्मा लावून नीट पाहिलं. "छान झालंय गं. पण शेवटच्या दोन ओळी वाकड्या गेल्यात. उसव आणि परत घाल. बाळ यायला वेळ आहे अजून."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग उठून कात्री घेऊन आली.