अनुच्छेद 21 आणि बुधवार पेठेतील शिधा

पुण्याच्या बुधवार पेठेत आप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने आहेत, तपकीर गल्लीतील विजेच्या सामानाचा बाजार आहे, आणि ज्यांचे नाव सभ्य घरांत आवाज खाली आणून घेतले जाते त्या गल्ल्याही तेथेच आहेत. या गल्ल्यांत देहविक्रयावर जगणाऱ्या अनेक स्त्रियांपाशी भाडेपावती नसते, जन्माचा दाखला नसतो, आणि मागे सोडलेल्या घराकडून कागद मागविण्याची सोयही नसते. कागद नाही म्हणून शिधापत्रिका नाही. संविधानाने सर्वांस दिलेला जीविताचा हक्क असा एका सरकारी खिडकीपाशी अडतो. तो तेथून पुढे कसा सरकला, हे एका खटल्याच्या आधारे आम्ही सांगू इच्छितो.

1999 साली कोलकात्यात अशाच एका स्त्रीची निर्घृण हत्या झाली. आरोपीचे अपील सर्वोच्च न्यायालयाने 14 फेब्रुवारी 2011 रोजी फेटाळले. एरवी प्रकरण येथेच संपावयाचे. परंतु या स्त्रियांनाही अनुच्छेद 21 अन्वये प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क आहे, असे सांगून न्यायालयाने त्याच प्रकरणास जनहित याचिकेचे रूप दिले व एक समिती नेमली. 'बुद्धदेव कर्मस्कर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य' हे नाव आरोपीचे. त्या नावाखाली हक्क मात्र देशभरच्या स्त्रियांचे ठरले.

टाळेबंदीच्या काळात, 29 सप्टेंबर 2020 रोजी, याच प्रकरणात ओळखीच्या पुराव्याचा आग्रह न धरता कोरडा शिधा देण्याचा आदेश झाला. महाराष्ट्र शासनाने त्या वर्षाच्या अखेरच्या तीन महिन्यांसाठी दरमहा 5,000 रुपयांचे साहाय्यही जाहीर केले. पुढे 19 मे 2022 च्या आदेशाने आधारपत्राचा मार्ग मोकळा झाला. राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकाचे प्रमाणपत्र त्यासाठी पुरेसे ठरले, आणि व्यवसाय उघड होईल अशी कोणतीही खूण त्या पत्रावर असता कामा नये, असेही बजावण्यात आले. निरोधाचा वापर गुन्ह्याचा पुरावा मानू नये, ही शिफारसही आदेशात आली. पोलिसी धाडीचा अनुभव असणाऱ्यांस या एका वाक्याचे मोल कळेल.

कायदा करणे हे संसदेचे काम. मग न्यायालयास हे कसे करता आले? अनुच्छेद 142 प्रमाणे पूर्ण न्यायासाठी आवश्यक तो आदेश सर्वोच्च न्यायालय देऊ शकते. संसद कायदा करीपर्यंत अशा आदेशाने पोकळी भरून निघते. 1997 च्या विशाखा निकालात हेच घडले होते.

येथे आपल्या वाचकांच्या मनात एक शंका येईल. 16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातील स्त्रियांना हे जिणे सोडण्याचे निक्षून सांगितले होते. मग न्यायालयाचा हा आदेश त्याविरुद्ध जातो काय? आम्हांस तसे वाटत नाही. सोडण्याचा उपदेश त्या स्त्रीस माणूस मानूनच केलेला होता. आणि बाहेर पडू पाहणारीस शिधा, ओळख व बँकेचे खाते यांची गरज इतरांहून अधिक असते. वैशालीच्या आम्रपालीचे भोजनाचे निमंत्रण तथागतांनी स्वीकारले. मागाहून लिच्छवी राजपुत्र आले, तरी तो शब्द मोडला नाही.

मात्र निकालाचा अर्थ फुगवून सांगणेही योग्य नव्हे. धाडीत सापडलेल्या सज्ञान स्त्रीस अटक करू नये, या शिफारशीवर केंद्र शासनाने हरकत घेतली व ती आदेशात उतरली नाही. 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात सार्वजनिक जागी गिऱ्हाईकास बोलाविणे हा गुन्हा कायम राहिला. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मात्र या कायद्यान्वये देहविक्रय हा स्वतःच गुन्हा नाही असे सांगून, सुधारगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान स्त्रियांस मुक्त केले. उच्च न्यायालयाचा निकाल खालच्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. म्हणून बुधवार पेठेतील एखाद्या सज्ञान स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध सुधारगृहात धाडण्याचा प्रश्न पुण्याच्या दंडाधिकाऱ्यांसमोर आला, तर तिच्या वकिलाने प्रथम हा निकाल पुढे ठेवावयास हवा.