पिंपरीचं पेनिसिलिन आणि आळंदीतले घसे

१९१७ साली जोगमहाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. शंभर वर्षांत तिच्या आजूबाजूला लहानमोठ्या खासगी संस्थांचं जाळं उभं राहिलं. मराठवाड्यातून, विदर्भातून, नगर-खानदेशाकडून आलेली आठ-दहा वर्षांची पोरं आईबापांपासून दूर इथे राहतात. पहाटे काकड्याला उठतात, बरीचशी मुलं दिवसा शाळेतही जातात, संध्याकाळी हरिपाठ म्हणतात आणि रात्री एका खोलीत सतरंज्या टाकून शेजारीशेजारी झोपतात. गावाच्या भोवताली मरकळ, चऱ्होली, मोशी आणि पुढे चाकणपर्यंत कारखान्यांचा पट्टा आहे. तिथे कामगारांची चार-पाच माणसांची कुटुंबं दहा बाय दहाच्या खोल्यांमध्ये संसार करतात. लहान मुलांच्या घशाचा विषय काढायचा तर या खोल्यांपासूनच काढायला हवा. घशाच्या ज्या जंतूने डॉक्टरांना शंभर वर्षं कामाला लावलं, तो पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत आणि दाटीवाटीच्या जागेत सर्वांत जास्त फोफावतो.

या जंतूचं नाव स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस. डॉक्टर बोलताना नुसतं ‘स्ट्रेप’ म्हणतात. १९३३ मध्ये रिबेका लान्सफील्ड या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी या कुळातल्या जंतूंची गटवारी केली, त्यात हा ‘अ’ गटात आला. त्याच्या अंगावरच्या एम नावाच्या प्रथिनावरून त्याचे पुढे आणखी प्रकार पाडले गेले आणि आजवर असे दोनशेहून अधिक प्रकार सापडले आहेत. पालकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट ही की, एका प्रकाराशी लढून आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकाराला फारशी उपयोगी पडत नाही. श्रावणात घसा धरलेल्या मुलाला मार्गशीर्षात पुन्हा स्ट्रेप होऊ शकतो, आणि त्यात ना मुलाचा दोष असतो ना आधीच्या औषधाचा.

पण घसा धरला की स्ट्रेपच असतो, हेही खरं नाही. घसा दुखणाऱ्या मुलांपैकी साधारण शंभरात वीस ते तीस जणांनाच स्ट्रेप असतो. बाकीच्यांना विषाणू छळत असतात आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. फरक ओळखण्याच्या काही खुणा आहेत. स्ट्रेपमध्ये ताप अचानक चढतो, गिळताना घसा फार दुखतो, टॉन्सिल लाल होऊन सुजतात, त्यांच्यावर पांढरे-पिवळे ठिपके दिसतात, जबड्याखालच्या गाठी दाबल्या की दुखतात, आणि खोकला बहुधा नसतो. नाक गळत असेल, खोकला असेल, डोळे लाल असतील किंवा आवाज बसला असेल तर संशय विषाणूकडे वळतो. आळंदीत यातली शेवटची खूण फार कामाची आहे. रोज चाली म्हणणाऱ्या, अभंगाला साथ देणाऱ्या मुलाचा आवाज बसला म्हणून कुणी त्याला अँटिबायोटिकची गोळी देत असेल, तर ती बहुतेक वेळा वाया जाते. त्या मुलाला चार दिवस गाण्यातून सुट्टी आणि गरम पाणी पुरतं.

नुसतं बघून मात्र अनुभवी डॉक्टरही चुकू शकतात. खात्री करायची तर घशातून कापसाच्या काडीने नमुना घ्यावा लागतो. कल्चरचा निकाल यायला एक-दोन दिवस लागतात, झटपट चाचणीचा काही मिनिटांत येतो. आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांत यांपैकी काहीच सहसा होत नाही. हातात पडतात त्या तीन दिवसांच्या गोळ्या, आणि गर्दीच्या दिवशी मेडिकलवाल्याकडून परस्पर घेतलेली पट्टी.

खरं तर औषधाच्या बाबतीत या भागाला फार मोठा वारसा आहे. आळंदीपासून पंधरा-वीस किलोमीटरवर पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे. लोक त्याला आजही ‘एचए कंपनी’ म्हणतात. स्वतंत्र भारताचा सरकारी क्षेत्रातला हा पहिला औषध कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तो १९५४ मध्ये स्थापन झाला आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. फ्लेमिंगना १९२८ मध्ये बुरशीत दिसलेलं हे औषध तीस वर्षांच्या आत पिंपरीच्या माळावर बनत होतं. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासाचं पहिलं पान मोटारींचं नाही, पेनिसिलिनचं आहे. पुढे चिनी कच्चा माल स्वस्त पडू लागला आणि देशातले पेनिसिलिन-जी बनवणारे कारखाने एकामागून एक थांबले. ते औषध भारतात पुन्हा मोठ्या प्रमाणावर बनवण्यासाठी २०२४ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी आंध्रातल्या काकीनाड्याजवळ नवा कारखाना सुरू झाला. ज्या पिंपरीने देशाला पेनिसिलिन दिलं, त्याच्या शेजारच्या मुलांना ते वेळेवर मिळत नसेल तर ते मनाला लागतं.

कारण स्ट्रेप आजही पेनिसिलिनला शरण जातो. इतर कित्येक जंतूंनी औषधं पचवली, पण पेनिसिलिन वापरात आल्याला ऐंशी वर्षं होऊनही त्याला सरळ दाद न देणारा स्ट्रेप घशाच्या उपचारात डॉक्टरांना भेटलेला नाही. म्हणून उपचार स्वस्त आणि साधा आहे. तोंडावाटे पेनिसिलिन किंवा त्याच्याच कुळातलं अमोक्सिसिलिन पूर्ण १० दिवस, नाहीतर बेंझाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन. ज्यांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत. अझिथ्रोमायसिन मात्र उठसूट देऊ नये, कारण त्याला न जुमानणारे स्ट्रेप जगभर सापडतात. मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध, ज्येष्ठमध यांनी घशाला आराम पडतो आणि ते जरूर द्यावं, पण जंतू त्यांनी मरत नाही.

घोडं अडतं ते दहा दिवसांवर. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, मूल खेळू लागतं, बाटली फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात जाते. घसा तर औषध न घेताही बरा होतो, मग दहा दिवस कशासाठी, असं पालकांना वाटतं. उत्तर हृदयात आहे. स्ट्रेपच्या एम प्रथिनाची ठेवण हृदयातल्या काही प्रथिनांशी मिळतीजुळती असते. जंतूवर सोडलेली शरीराची शस्त्रं काही मुलांत स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर चालतात. हाच संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर. तो घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी येतो. गुडघा दुखतो, तो थांबतो न थांबतो तोच घोटा सुजतो, मुलाला धाप लागते, क्वचित हातपाय आपोआप वेडेवाकडे हलतात. सांधे पूर्ण बरे होतात. झडपेला मात्र व्रण राहतो, आणि ते मूल विशी-तिशीत, पुष्कळदा बाळंतपणाच्या वेळी, दम लागला म्हणून दवाखान्यात येतं. जगात आजही कोट्यवधी लोकांना हा झडपांचा आजार आहे आणि त्यातले बहुतेक गरीब, दाटीच्या वस्त्यांतले आहेत. घसा धरल्यापासून ९ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं तर हा ताप टाळता येतो. जुन्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात अँटिबायोटिकने हा धोका सुमारे ७० टक्क्यांनी घटलेला दिसला.

याच्या उलट टोकाचा एक घोळ महाराष्ट्रात घरोघरी भेटतो, तो एएसओ नावाच्या रक्ततपासणीचा. रिपोर्टमध्ये आकडा वाढलेला दिसला की मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू होतं. एएसओ वाढला याचा अर्थ इतकाच की मागच्या काही महिन्यांत कधीतरी स्ट्रेप येऊन गेला. हा आकडा शाळकरी मुलांत सर्रास वाढलेला असतो. आताचा घसा स्ट्रेपचा आहे की नाही हे त्यावरून कळत नाही, आणि सांध्यांची वा हृदयाची लक्षणं नसताना निव्वळ त्या आकड्यावरून मुलाला वर्षानुवर्षं सुया टोचणं अन्याय आहे. ज्याला ऱ्हुमॅटिक फीव्हर खरोखर झाला आहे त्याची गोष्ट वेगळी. त्याला ही इंजेक्शनं निदान पाच वर्षं किंवा एकविसाव्या वर्षापर्यंत, यांतला जो काळ जास्त असेल तितका, आणि झडपेला इजा असेल तर त्याहून जास्त काळ, न चुकता घ्यावी लागतात. नेमकी त्यालाच ती मिळत नाहीत. रिॲक्शनच्या भीतीने कित्येक दवाखाने पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायला तयार नसतात. गंभीर रिॲक्शन दुर्मीळ असते, आणि ती सांभाळायची तयारी असलेल्या रुग्णालयांनी हे काम अंगावर घ्यायला हवं. आळंदीचं ग्रामीण रुग्णालय आणि पिंपरीचं वायसीएम रुग्णालय याच भागात आहेत.

आता पुन्हा पुन्हा धरणाऱ्या घशाकडे येऊ. वर्षात चार-पाच वेळा असं झालं की त्यामागे बहुधा तीनपैकी काहीतरी असतं. पहिलं, औषध अर्धवट सुटलेलं. दुसरं, घरातल्या किंवा खोलीतल्या कुणाकडून पुन्हा झालेली लागण. तिसरं कारण बहुतेकांना ठाऊक नसतं. शंभरातल्या दहा-बारा निरोगी मुलांच्या घशात स्ट्रेप गुपचूप राहतो. त्यांना त्रास होत नाही, त्यांच्याकडून इतरांना लागण होण्याचा धोका थोडा असतो आणि त्यांच्या हृदयाला सहसा धोका नसतो. असं मूल साध्या सर्दीने आजारी पडलं आणि त्याचा घसा तपासला तर रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि प्रत्येक सर्दी स्ट्रेप ठरते. म्हणून औषध संपल्यावर मुलाला बरं वाटत असेल तर ‘खात्रीसाठी’ पुन्हा तपासणी करू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण संकेत आहे.

मग ‘टॉन्सिलच्या गाठी कापून टाका’ हा सल्ला येतो. त्याचा निकष अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये जॅक पॅराडाइज या बालरोगतज्ज्ञांच्या गटाने १९८४ मध्ये छापलेल्या अभ्यासावरून आला. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं पाच-पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं तीन-तीन वेळा, आणि प्रत्येक खेपेची डॉक्टरकडे नोंद. त्याहून कमी त्रास असेल तर शस्त्रक्रियेचा फायदा थोडा आणि थोड्याच दिवसांचा, कारण वय वाढतं तसे हे घसे पुष्कळदा आपोआप शांत होतात. याच गटाने त्याआधी आणखी एक गोष्ट दाखवली होती. ज्या मुलांचा इतिहास केवळ पालकांच्या आठवणीवर होता, त्यांच्यातल्या बहुतेकांचा घसा पुढच्या काळात पालक सांगत होते तितक्या वेळा धरलाच नाही. काळजीत पडलेल्या आईला चार वेळा आठ वेळांसारख्या आठवतात. तेव्हा एक वही करावी आणि प्रत्येक खेपेची तारीख, ताप, खोकला होता की नाही, कोणतं औषध किती दिवस दिलं, हे लिहावं. डॉक्टरपुढे ती वही ठेवली की निम्मा निर्णय तिथेच होतो.

संस्थेत राहणाऱ्या मुलाची वही कोण लिहिणार? तिथे जबाबदारी महाराजांची, व्यवस्थापकांची. त्यांच्यासाठी अमेरिकन सैन्याच्या एका तळावरची हकिकत मोलाची आहे. वायोमिंगमधल्या फोर्ट वॉरनला १९४९च्या सुमारास जवानांच्या बराकींत स्ट्रेपच्या साथी चालू होत्या. पेनिसिलिनने ऱ्हुमॅटिक फीव्हर टळतो हे तिथेच सिद्ध झालं. त्याच डॉक्टरांना दिसलं की, जंतू असलेल्या जवानाच्या खाटेपासून शेजाऱ्याची खाट जितकी दूर, तितकी लागण कमी. जंतूंनी भरलेली ब्लँकेटं निरोगी जवानांना वापरायला दिली, तर त्यांनी लागण झाली नाही. रोग बोलण्या-शिंकण्यातून, जवळच्या श्वासातून जात होता. त्यामुळे अंथरुणं धुण्याआधी ती लांब लांब टाकणं महत्त्वाचं. घसा दुखून तापलेलं मूल औषध सुरू झाल्यापासून किमान एक दिवस वेगळं झोपवावं, त्याचं पाणी प्यायचं भांडं वेगळं ठेवावं, आणि त्याच्या दहा दिवसांच्या औषधाचा हिशेब एका मोठ्या माणसाकडे द्यावा. त्याच खोलीत आणखी कुणाचा घसा दुखतोय का, हे त्याच दिवशी विचारावं.

शाळकरी मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून, सुरू झाला. त्याच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकार आहे आणि सरकारी शाळांतली मुलं वर्षातून एकदा त्याखाली तपासली जातात. शाळेत न जाणारी किंवा पटावर नसलेली संस्थेतली मुलं त्यातून सुटतात. संस्थाचालकांनी ग्रामीण रुग्णालयात जाऊन आपल्या मुलांची यादी द्यावी आणि पथकाला संस्थेत बोलवावं. ज्याचे सांधे फिरते सुजले किंवा ज्याला जिना चढताना धाप लागते, अशा मुलाच्या हृदयाची टू-डी इको तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी.