होडीचें यंत्र किल्लीनें सुरू न झाल्यास काय पाहावें

भीमा नदीवरील उजनी धरणाचें काम १९८० सालीं पुरें झालें आणि करमाळें, इंदापूर वगैरे तालुक्यांतील पुष्कळ गांवें पाण्याखालीं गेलीं. तेव्हांपासून काठच्या कित्येक शेतकऱ्यांची वस्ती एका तीरास व जमीन किंवा आप्तवर्ग दुसऱ्या तीरास अशी स्थिति झाली आहे. सडकेनें वळसा घालून जाण्यापेक्षां होडीनें जाणें सोयीचें, म्हणून ज्यास पूर्वीं बैलगाडी लागे त्यास आतां होडी लागते. ता. २१ मे २०२४ रोजीं कुगांव व कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यानें होडी उलटून सहा माणसें प्राणांस मुकलीं, ही दुर्घटना वाचकांच्या स्मरणांत असेलच. तें संकट वाऱ्याचें होतें. परंतु वारा सुटला असतां जिचें यंत्र सुरू होत नाहीं ती होडी आडवी होते व लाटा कडेवरून आंत घेते. याकरितां यंत्राच्या या एका दोषाविषयीं सविस्तर लिहावें असें मनांत आलें.

होडीच्या मागच्या फळीस अडकविण्याचें हें यंत्र अमेरिकेंत ओले एव्हिनरूड यानें १९०९ च्या सुमारास बाजारांत आणिलें. प्रथम तें हातानेंच सुरू करावें लागे. विजेच्या स्टार्टरची व्यवहारोपयोगी रचना चार्ल्स केटरिंग याची. ती १९१२ च्या कॅडिलॅक मोटारगाडींत प्रथम आली व पुढें होडीच्या यंत्रासही लागली. आजही लहान यंत्रें दोरीचींच असतात. मोठ्या यंत्रांस किल्ली असते, आणि किल्ली आली कीं तिच्यामागें बॅटरी, तारा व सांधे हा सर्व संसार येतो.

गेल्या वैशाखांत आमच्या चुलतबंधूंच्या होडीवर जो प्रसंग गुदरला तो सांगतों. पलीकडच्या काठास केळीचे घड उतरविण्याचें काम चाललें होतें. दुपारीं चारच्या सुमारास पांच मजूर बायांना घेऊन आम्ही परत निघालों. मध्यावर यंत्राच्या पंख्यांत टाकून दिलेलें जाळें गुंतलें. यंत्र बंद करून तें सोडविलें आणि किल्ली फिरविली, तों एकदांच ‘टक्’ असा आवाज झाला व पुढें कांहीं नाहीं. पुन्हां फिरविली, पुन्हां टक्. इतक्यांत वारा उठला आणि होडी बुडीत बाभळींच्या खुंटांकडे सरकूं लागली. वल्हें एकच होतें. बायांपैकीं एक म्हातारी मुकाट्यानें हातानें पाणी मारूं लागली, तें दृश्य मी विसरणार नाहीं. शेवटीं बंधूंनीं वरचें झांकण काढलें, गिअर मोकळा आहे हें पाहून चाकाच्या खांचेंत दोरीची गांठ अडकवून वेढे दिले, आणि तिसऱ्या ओढीस यंत्र पेटलें.

दुसऱ्या दिवशीं कारागीर आला. त्यानें बॅटरी गेली असें सांगून नवी बसविली. आठ दिवस ठीक चाललें, मग पुन्हां टक्. आतां स्टार्टर जळला असें ठरून तोही नवा आला. पंधरा दिवसांनीं पुन्हां तेंच! मीं महसूल खात्यांत उमेद घालविली. आधीं निष्कर्ष लिहावा आणि मागाहून जागा पाहावी असा पंचनामा करणाऱ्यांची पुढें काय अवस्था होते हें मीं जवळून पाहिलें आहे. येथेंही तोच प्रकार चालला होता.

विजेचा मार्ग समजून घेतल्यास शोध कठीण नाहीं. बॅटरीच्या धन टोकापासून जाड तांबडी तार सॉलेनॉइड नांवाच्या डबींत जाते व तेथून स्टार्टरला. डबीचें काम दरवाजासारखें आहे. किल्ली फिरविली कीं बारीक तारेनें थोडी वीज डबीस मिळते, आंतील दरवाजा टक् असा आवाज करून मिटतो आणि जाड तारेची मोठी वीज स्टार्टरकडे जाते. स्टार्टरमधून ती यंत्राच्या धातूंत उतरते व काळ्या तारेनें बॅटरीच्या ऋण टोकास परत येते. ही परतीची वाट लोक विसरतात. पाटाचें पाणी शेतांत येण्यास चर लागतो, निघून जाण्यास लागत नाहीं. विजेला दोन्ही लागतात.

आतां आवाजावरून बरेंच कळतें. किल्ली फिरविल्यावर टकटकटक असा भराभर आवाज आला तर बहुधा बॅटरी उतरलेली असते. एकच टक् होऊन थांबलें तर सैल अथवा गंजलेला सांधा, डबीचे जळलेले संपर्क किंवा अडकलेला स्टार्टर यांपैकीं कांहींतरी असावें. स्टार्टर घरघर फिरतो पण यंत्र फिरत नाहीं, तर त्याचें लहान दांतेरी चाक वर सरकून मोठ्या चाकास लागत नाहीं. तेथें घट्ट झालेलें वंगण पुसून काढावें. यंत्र फिरतें पण पेटत नाहीं, तर दोष स्टार्टरचा नव्हेच. चालकाच्या मनगटास बांधावयाच्या दोरीची खुंटी जागेवर आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें, मग पेट्रोल व टाकीच्या झांकणावरील हवेचा पेंच.

आणि अजिबात आवाज नसेल तर? प्रथम गिअरचा दांडा मोकळ्या जागीं आहे ना तें पाहावें. होडी एकदम धांवूं नये म्हणून गिअर पडला असतां स्टार्टर चालूं न देणारा खटका यंत्रांत असतो. दांडा किंचित मागेंपुढें हालवीत किल्ली फिरवावी. मधेंच यंत्र हुंकारलें तर दोष त्या खटक्याचा. नंतर फ्यूज. जळलेल्या फ्यूजच्या जागीं तांब्याची तार गुंडाळण्याची जी संवय विहिरीवरच्या पंपानें आपणांस लाविली आहे ती येथें सोडावी. जवळच पेट्रोलची टाकी आहे. जितक्या अँपिअरचा फ्यूज काढला तितक्याचाच घालावा, आणि दोन जास्त जवळ ठेवावे.

पुढची परीक्षा मल्टिमीटरनें करावी. मीटर महाग नाहीं. ती करतांना मनगटाच्या दोरीची खुंटी काढून ठेवावी, म्हणजे यंत्र अचानक पेटणार नाहीं. कांहीं यंत्रांत खुंटी काढल्यास स्टार्टरही फिरत नाहीं. तेथें खुंटी जागेवर ठेवून प्लगच्या तारा काढून यंत्राच्या धातूस जोडाव्या. रात्रभर स्वस्थ राहिलेली चांगली बॅटरी १२·६ व्होल्ट दाखविते, १२·२ म्हणजे सुमारें अर्धी, आणि १२ च्या खालीं ती रितीच समजावी. परंतु स्वस्थ बॅटरीचा आंकडा फसवितो. म्हणून दुसऱ्या माणसाकडून किल्ली फिरवून मीटर पाहावा. कांटा साडेनऊच्या खालीं घसरला तर बॅटरी दुबळी, अथवा स्टार्टर किंवा यंत्र अडकलें आहे. मग किल्ली बंद करून चाक हातानें फिरतें कीं नाहीं हें पाहावें. याउलट स्टार्टर निपचित असून बॅटरी बाराच्या वर ठाम राहिली, तर ती निर्दोष असून तिची वीज वाटेंत अडली आहे.

बंधूंच्या होडीवर नेमकें हेंच दिसलें. किल्ली फिरविली तरी बॅटरीवर १२·३. मग मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खुंटीच्या शिशावर व दुसरें यंत्राच्या उघड्या धातूवर टेकून पुन्हां किल्ली फिरविली. चांगल्या तारेंत येथें अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसूं नये. आम्हांस नऊ दिसले. काळ्या तारेचें यंत्राकडील टोंक सोडविलें, थिंबलवरील रबराची नळी कापली, तों आंतील तांबें हिरवें पडून भुकटी झालेलें, चार-पांच काड्या मात्र शिल्लक! बॅटरी बदलतांना तार हालली, काड्या एकमेकींस टेकल्या, म्हणून आठ दिवस चाललें. स्टार्टर बदलतांनाही तसेंच. तार चांगल्या तांब्यापर्यंत कापून नवें थिंबल दाबून बसविलें. खर्च चहापाण्याइतका.

मार्ग याच रीतीनें टप्प्याटप्प्यानें तपासावा. डबीच्या बारीक तारेस किल्लीबरोबर बारा व्होल्ट येत नसतील तर दोष किल्ली, खटका किंवा फ्यूज यांकडे. येत असून टक् होत नसेल तर डबीची परतीची तार पाहावी, नाहींतर डबीच बदलावी. टक् होऊनही तिच्या दुसऱ्या जाड खुंटीस वीज नसेल तर आंतील संपर्क जळले. डबीच्या दोन जाड खुंट्यांवर पेंचकस आडवा टाकून यंत्र सुरू करण्याची युक्ति पुष्कळांस ठाऊक आहे. तिनें गिअरचा खटका निरुपयोगी होतो व ठिणगी उडते. पेट्रोलच्या वासांत ती करूं नये, माणसें होडींत असतांना तर मुळींच नाहीं. स्टार्टरही सलग दहा सेकंदांहून अधिक फिरवूं नये, तो तापतो.

बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरें-हिरवें किटण चढल्यास प्रथम ऋण व मग धन तार सोडावी आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावें. तें पाणी आंत जाऊं देऊं नये. जोडतांना धन आधीं, ऋण शेवटीं. उलटसुलट जोडल्यास यंत्राचा विद्युत्‌भाग जळतो. हातानें आंवळावयाचे फुलपाखरी नट हादऱ्यानें सैल होतात, त्याऐवजीं पान्यानें आंवळण्याचे सहाकोनी घालावे. दहा मिनिटांच्या फेऱ्यांनीं उतरलेली बॅटरी भरून निघत नाहीं, तेव्हां महिन्यांतून एकदां ती घरीं मोकळ्या हवेंत चार्ज करावी, व त्या वेळीं जवळ विडी ओढूं नये.

बंधूंनीं त्या दिवसापासून होडींत दोन वल्हीं, माणशीं एक तरंगणारें जाकीट आणि गांठ मारलेली दोरी ठेविली आहे. जुना स्टार्टर मीं बॅटरीस जोडून पाहिला, उत्तम फिरतो. तो गोठ्यांतील फडताळांत पडून आहे.