विश्लेषण : बोट उतरवताना गाडीच पाण्यात का जाते?

बोट पाण्यात सोडायला नेलेली गाडी बोटीपाठोपाठ पाण्यात जाते, काठावरचे लोक मोबाइल सरसावतात आणि दुसऱ्या दिवशी ती चित्रफीत जगभर फिरते. अमेरिकेत उन्हाळा सुरू झाला की अशा चित्रफितींचा पूर येतो. मार्च 2025 मध्ये कॅलिफोर्नियातील व्हेंचुरा बंदरात जेट-स्की उतरवताना टेस्ला कंपनीचा सायबरट्रक असाच पाण्याखाली गेला. चालकाकडून चुकून रिव्हर्स गिअर पडला, असे त्यावेळी सांगण्यात आले. मात्र अनेकदा गिअर बरोबर असतो, हँडब्रेकही ओढलेला असतो आणि तरीही गाडी घसरते. असे का होते?

बोट उतरवण्याची पद्धत काय?

अमेरिकेत खासगी बोटी मोठ्या संख्येने घरच्या आवारात ठेवल्या जातात. पिकअप किंवा एसयूव्हीमागे ट्रेलर जोडून त्या तलावाच्या किंवा खाडीच्या काठी आणल्या जातात. तेथे पाण्यात उतरत जाणारा काँक्रीटचा उतार, म्हणजे रॅम्प असतो. चालक गाडी उलटी घेत ट्रेलर पाण्यात ढकलतो आणि बोट तरंगू लागली की ती सोडवतो. या रॅम्पचा उतार साधारण 12 ते 15 टक्के ठेवला जातो. म्हणजे आडव्या 100 फुटांमागे 12 ते 15 फूट उतरण. उतार याहून कमी असेल, तर बोट तरंगण्याआधीच गाडी पाण्यात शिरते. जास्त असेल, तर गाडी वर ओढणे अवघड होते.

हँडब्रेक ओढूनही गाडी का घसरते?

याचे उत्तर चाकांत आहे. पायाखालचा ब्रेक चारही चाके धरतो. हँडब्रेक मात्र बहुतेक गाड्यांत फक्त मागची दोन चाके धरतो. ऑटोमॅटिक गाडीतील ‘पार्क’ ही स्थिती इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते, तीच चाके अडवते. अनेक पिकअपमध्ये ही ताकदही मागच्याच चाकांना जाते. म्हणजे ‘पार्क’ आणि हँडब्रेक हे दोन वेगळे उपाय वाटले, तरी दोन्ही त्याच दोन चाकांवर काम करत असतात.

आणि गाडी उलटी उतरलेली असल्याने नेमकी हीच दोन चाके पाण्याजवळ असतात. तेथे काँक्रीटवर शेवाळ असते. चालक बोट सोडवायला खाली उतरतो, पाय ब्रेकवरून निघतो आणि पुढची, कोरड्या जमिनीवरची चाके मोकळी होतात. मागची चाके फिरत नाहीत, पण शेवाळावरून जागच्या जागी जाम होऊन घसरत जातात. गाडीचा मागचा भाग पाण्यात जास्त शिरला, तर पाणी तो उचलू लागते, चाकांवरचे वजन घटते आणि उरलीसुरली पकडही सुटते.

पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत चित्र वेगळे असते. तिथे ‘पार्क’ पुढची चाके धरते आणि हँडब्रेक मागची, त्यामुळे उभी गाडी चांगली धरून राहते. मात्र बोटीसह वर चढताना वजन मागे झुकते, पुढची चाके हलकी होतात आणि नुसतीच फिरत राहतात.

फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर धोका टळतो का?

बऱ्याच अंशी. चारही चाके जोडलेल्या स्थितीत ‘पार्क’ टाकले, तर कोरड्या जमिनीवरची पुढची चाकेही गाडी धरतात. पण चारचाकी ताकदीचा वेगळा गिअर चुकून न्यूट्रलमध्ये राहिला, तर ‘पार्क’ला काहीच अर्थ उरत नाही.

रॅम्पचा दोष कधी असतो?

अनेक जण परतताना बोट इंजिनाच्या जोरावर थेट ट्रेलरवर चढवतात. पंख्याच्या झोताने काँक्रीट संपते तिथली वाळू, माती वाहून जाते आणि पाण्याखाली खड्डा पडतो. पुढच्या माणसाच्या ट्रेलरची चाके त्या खड्ड्यात अडकतात. म्हणूनच अनेक रॅम्पवर अशा पद्धतीला मनाई असते.

कोकण, गोव्यात याचा संबंध काय?

आपल्याकडे ट्रेलरवरून बोट नेणारे थोडे, पण गाडी घेऊन पाण्याच्या काठापर्यंत उतरणारे खूप. दाभोळ-धोपावे, आगरदांडा-दिघी अशा कोकणातील फेरीबोटी किंवा गोव्यातील मांडवीवरच्या फेरीबोटी, सगळीकडे गाडी ओल्या उतारावरूनच चढते-उतरते. त्यात भरती-ओहोटीची भर पडते. मुंबई परिसरात उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. 12.5 टक्के उताराच्या धक्क्यावर चार मीटरचा फरक म्हणजे सुमारे 32 मीटर लांबीचा पट्टा कधी पाण्याखाली, कधी उघडा. ओहोटीला हाच शेवाळलेला पट्टा चाकांखाली येतो.

काळजी काय घ्यावी?

उतारावर थांबावे लागले, तर आधी पायाने ब्रेक दाबून हँडब्रेक पूर्ण ओढावा, पाय हळूच सैल करून गाडी धरते का ते पाहावे आणि मगच ‘पार्क’ किंवा गिअर टाकावा. खाली उतरायचे असेल, तर कोरड्या जागेवरच्या चाकामागे लाकडी ठोकळा किंवा मोठा दगड लावावा. तो दुसऱ्या माणसाने लावेपर्यंत चालकाने ब्रेकवरचा पाय काढू नये. मुले व इतर प्रवासी उतार सुरू होण्यापूर्वीच उतरवावेत आणि काचा खाली घ्याव्यात.

गाडी पाण्यात गेलीच तर?

तेव्हा हातात जेमतेम एक मिनिट असते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी माणसे बसलेल्या गाड्या पाण्यात बुडवून याचा अभ्यास केला आहे. त्यांनी सांगितलेला क्रम सोपा आहे : सीटबेल्ट सोडा, काच उघडा, मुलांना आधी बाहेर काढा, मग स्वतः निघा. दार उघडण्याच्या प्रयत्नात वेळ जातो, कारण बाहेरच्या पाण्याचा दाब ते उघडू देत नाही. आणि उघडलेच तर गाडी झपाट्याने भरते. फोन लावण्याचा वेळही तो नसतो. काच फोडण्याची हातोडी जवळ ठेवत असाल, तर आपल्या गाडीच्या खिडक्यांची काच कोणती, हे आधी पाहून घ्या. लॅमिनेटेड काच अशा हातोडीने सहसा फुटत नाही.