रुपयाचे चिन्ह आणि संगणकाचे वाचन

व्यापारी घराण्यांतून पिढ्यानपिढ्या एक गोष्ट सांगितली जाते. महाजनी लिपीत काना-मात्रा लिहिण्याची रीत नव्हती. एका पेढीवरून पत्र गेले, ‘काका अजमेर गये’. वाचणाऱ्याने ते ‘काका आज मर गये’ असे लावले आणि घरात रडारड सुरू झाली. पत्रातील अक्षरे खरी होती; चूक वाचण्यात होती. आज दुकानाच्या वेबसाइटवर, ऑनलाइन बिलावर किंवा एक्सेलच्या तक्त्यात ₹ या चिन्हाच्या जागी भलतीच अक्षरे उमटतात, तेव्हाही बहुधा हेच घडलेले असते.

चिन्ह नवे, व्यवस्था जुनी

संगणकाला अक्षर ठाऊक नसते. त्याला केवळ आकडे कळतात. कोणत्या अक्षराला कोणता आकडा द्यावयाचा, हे ठरविणारी जागतिक व्यवस्था म्हणजे युनिकोड. डी. उदय कुमार यांनी रेखाटलेले रुपयाचे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला. म्हणजे कित्येक दुकानांतील हिशेबाच्या प्रणाली या चिन्हाहून वयाने मोठ्या आहेत.

मधल्या काळात काही फॉन्टांनी पळवाट काढली. कळफलकावरील टॅबच्या वरच्या कळीवर, एका तिरप्या रेघेच्या जागी, रुपयाची आकृती बसविण्यात आली. स्वतःच्या संगणकावर रुपया दिसे. तेच पत्र दुसरीकडे उघडले की उरे ती रेघ. जुन्या मराठी फॉन्टांत टंकलेला मजकूर फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन दिसतो, त्याचेही कारण हेच. वेष बदलला होता, आतला आकडा नव्हे.

तीन लक्षणे, तीन कारणे

यूटीएफ-८ या आजच्या सर्वमान्य पद्धतीत ₹ हे चिन्ह तीन बाइटांत साठविले जाते. जुन्या पश्चिम युरोपीय तक्त्यात मात्र एका बाइटाचे एक अक्षर होते. त्या तक्त्याने वाचले, की एका चिन्हाच्या तीन खुणा होतात: टोपी घातलेला इंग्रजी ‘ए’, स्वल्पविरामासारखी खूण आणि वर चढलेला बारीक १. पुढे ५०० ही रक्कम असेल, तर घाईच्या नजरेला ती १५०० भासू शकते. हा दोष केवळ सौंदर्याचा नाही, तो व्यवहाराचा आहे.

परंतु हा दोष बरा होणारा आहे. बाइट शाबूत असतात; योग्य तक्त्याने वाचले की चिन्ह परत येते. चिन्हाच्या जागी रिकामी चौकट दिसली, तर चिंता त्याहूनही कमी; साठवण सहसा ठीक असते, फक्त त्या फॉन्टात ती आकृती नसते. खरा घात प्रश्नचिन्हात आहे. ज्या साठवणीत ₹ किंवा देवनागरीला जागाच नाही, तेथे माहिती भरताना संगणक अक्षराऐवजी ‘?’ लिहून मोकळा होतो. मूळ अक्षर कायमचे गेले. रुपयाचे चिन्ह अंदाजाने पुन्हा लावता येईल, खातेदाराचे ‘????’ झालेले नाव कोठून आणावयाचे?

दुरुस्ती मुळाशी

अनेक ठिकाणी चुकीच्या खुणा शोधून तेथे ₹ भरण्याचा सोपा उपाय केला जातो. मूळ बिघाड तसाच राहतो आणि उद्याच्या नोंदी पुन्हा बिघडतात. प्रथम संपूर्ण माहितीची प्रत काढून ठेवावी. नंतर डेटाबेस, डेटाबेसशी होणारी जोडणी आणि वेबपान या तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८ आहे ना, हे तपासावे. मायएसक्यूएलमध्ये ८.० आवृत्तीपूर्वी आपोआप मिळणारा तक्ता जुना युरोपीय होता. तेथे ‘यूटीएफ-८ एमबी-४’ निवडावे लागते. सीएसव्ही फाइल थेट दुहेरी क्लिकने न उघडता एक्सेलच्या ‘डेटा’ विभागातून यूटीएफ-८ सांगून आत घ्यावी.

रक्कम आणि चिन्ह एकाच रकान्यात कोंबू नयेत. रकान्यात निव्वळ संख्या असावी. ₹ आणि स्वल्पविराम दाखविताना लावावेत. ‘भारत’ हा प्रदेश सांगितला नाही, तर १२,३४,५६७ ही रक्कम १,२३४,५६७ अशी परदेशी थाटात उभी राहते. ‘मराठी, भारत’ असे सांगितल्यास ब्राउझर देवनागरी अंकही देतो. पण तो मजकूर जसाच्या तसा पुन्हा गणिताला देऊ नये, कारण कित्येक प्रोग्रॅमना ते अंक संख्या म्हणून ओळखता येत नाहीत.

एसएमएसचे गणित तर थेट खर्चाचे आहे. साध्या संदेशात १६० अक्षरे मावतात. त्या मूळ अक्षरसंचात ₹ नाही. ते एक चिन्ह घातले, की मर्यादा ७० वर येते आणि शंभर अक्षरांच्या उधारीच्या स्मरणपत्राला दोन संदेशांचे पैसे पडतात. तेथे ‘रु.’चे इंग्रजी रूप वापरणे शहाणपणाचे. बिलाच्या लहान छपाई यंत्रांतही अनेकदा हे चिन्ह नसते. तेथेही तोच मार्ग.

सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख लिहिणे, हा एक सांगितला आहे. यंत्राची चूक हा अतिचार नव्हे. परंतु लक्षात आलेली चूक तशीच चालू देणे यतनेला धरून नाही. दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी एक चाचणीचे बिल करून पाहावे. ग्राहकाचे नाव जोडाक्षरांचे घ्यावे, रक्कम ₹ १२,३४,५६७.५० ठेवावी आणि ते बिल पडद्यावर, कागदावर, ईमेलमध्ये, एसएमएसमध्ये व एक्सेलमध्ये तपासावे. जेथे प्रथम बिघडले, तेथेच दुरुस्ती करावी.