कन्सोलची लढाई आणि तासाचा हिशेब

‘किती कॅसेटी हायेत बे?’ नव्वदच्या दशकात अंजनगाव सुर्जीत कुणाकडे व्हिडिओ गेम आला की पोरांचा पहिला प्रश्न हा असे. कंपनी कुणी विचारत नसे. यंत्र बहुधा निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल. वर नाव ‘लिटल मास्टर’ किंवा ‘मीडिया’. कॅसेटीवर लाखो खेळांचा छापील दावा असायचा आणि लावल्यावर तेच दहा-वीस फिरून फिरून येत.

कन्सोलच्या धंद्याचे गणित वेगळे आहे. यंत्र कमी नफ्यात, प्रसंगी तोट्यातही विकायचे आणि कमाई खेळांवर करायची. म्हणजे एकेक खेळ नवा विकत घेणारा ग्राहक गृहीत धरलेला. आमच्याकडे कॅसेट विरजणासारखी घरोघर फिरे. निन्टेन्डो आणि सेगा जगभर एकमेकींशी झुंजत होत्या, तेव्हा इथे दोघींनाही हरवले ते या उसनवारीने.

सन २००० मध्ये सोनीचे प्लेस्टेशन २ आले. त्यात डीव्हीडी चालत असल्याने पुष्कळांनी ते सिनेमासाठीही घेतले. सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये ती सोय नव्हती. २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणेच सोडले. अर्थात हे त्याचे एकमेव कारण नव्हे. आमच्या पोरांना प्लेस्टेशन २ भेटले ते पार्लरमध्ये, तासाच्या भाड्याने. या भाड्याने खेळांची निवडही ठरवली, असे माझे निरीक्षण आहे. मारामारी, फुटबॉल, क्रिकेट हे दोघांत खेळायचे आणि लवकर निकाल लागणारे खेळ चालत. आठवडाभर पुरणारी लांब कथा तासावर कशी परवडणार? एक मुलगा मात्र आपले मेमरी कार्ड खिशात घालून यायचा. कालचा खेळ आज पुढे नेणारा तो एकटाच. प्लेस्टेशन २ जगभर पंधरा कोटींहून अधिक खपले. त्या हिशेबात पार्लरचे यंत्र एकच धरले जाते, त्यासमोर बसून गेलेली पोरे नाहीत.

पुढे भारनियमनात पार्लर बसून राही आणि मोबाइल चालू राही. २०१६ मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला. २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला. खेळ फुकट, पैसे फक्त पोशाख-बंदुकांच्या रंगांचे. आता सोनीची स्पर्धा मायक्रोसॉफ्टपेक्षा पोराच्या हातातल्या फोनशी होती.

ऑगस्ट २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ प्रसिद्ध झाला. आपल्या पुराणकथांच्या जगात भावाला शोधत निघालेली मुलगी ही त्याची नायिका. तो प्रथम आला निन्टेन्डो स्विचवर, जे यंत्र निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नव्हती. पुण्यातला खेळ खेळायला यंत्र परदेशातून आलेले हवे! दोन महिन्यांनी तो इतर कन्सोलवर आला. मधल्या काळात, २ सप्टेंबरला, पबजीवर बंदी आली. त्या दिवशी आमच्या चौकात पोरांचे चेहरे पडलेले होते. ‘राजी’बद्दल मी विचारले, तर एकानेही नाव ऐकले नव्हते.